हरवलेला ग्रह आणि मामाचा चष्मा

आमचा मामा डोंबिवलीला राहतो. जगात कॉम्प्युटरवर जे जे काही चालतं, त्या सगळ्याला त्याच्या मते मी जबाबदार आहे. रेल्वेचं तिकीट बुक होत नाही, बँकेचं ॲप बंद पडलं, की फोन मला. तर २०२५ च्या फेब्रुवारीत, ऑफिसात रिलीजची धामधूम चालू असताना, रात्री साडेदहाला मामाचा फोन.

"काय रे, तुमचं ते नासा काय म्हणतंय? मुंबईवर दगड पडतोय म्हणे!"

'तुमचं' नासा. असो.

तुम्हालाही ते प्रकरण आठवत असेल. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीमधल्या ॲटलास दुर्बिणीला एक लघुग्रह दिसला. त्याला नाव मिळालं २०२४ वायआर ४. आकार साधारण साठ मीटर, म्हणजे वीसेक मजली इमारत समजा. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची थोडीशी शक्यता होती. आदळलाच तर कुठे, याचा जो लांबलचक पट्टा काढला होता तो दक्षिण अमेरिकेवरून, आफ्रिकेवरून, अरबी समुद्रावरून थेट दक्षिण आशियात येत होता. बातम्यांमध्ये मुंबईचं नाव आलं आणि मग काय, व्हॉट्सॲपवर नुसता धुमाकूळ. जानेवारीच्या शेवटी शक्यता एक टक्क्याच्या वर गेली. १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के झाली. आणि त्यानंतर आठवड्याभरात जवळजवळ शून्यावर आली.

मामाचा दुसरा फोन. "मागच्या आठवड्यात तीन टक्के, आज शून्य. हे शास्त्रज्ञ आहेत का मटकेवाले?"

खरं सांगायचं तर मला उत्तर देता आलं नाही. "मामा, डेटा वाढला की आकडा बदलतो" असं काहीतरी गुळमुळीत बोललो. त्यावर तो म्हणाला, "मग आधी वाढला कशाला?" प्रश्न बिनतोड होता. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत प्रॉबॅबिलिटीचा पेपर चांगल्या मार्कांनी सुटला होता, पण डोंबिवलीच्या रिटायर्ड माणसाला समजेल असं उत्तर काही सुचेना. मग शनिवार-रविवार वाचत बसलो, आणि वाचता वाचता १८०१ सालात जाऊन पोचलो. कारण आकाशातला एक ठिपका चारदोन वेळा बघून तो पुढे कुठे असेल हे सांगायची जी विद्या आहे, तिचा जन्म एका हरवलेल्या ग्रहामुळे झाला. आजचा लेख त्याच्याबद्दल.

पण आधी थोडं स्वतःचं. हे सगळं वाचल्यावर खाज सुटली म्हणून एप्रिलच्या शेवटी आम्ही तिघं मित्र पुण्याहून वेल्ह्याच्या पुढे, दिव्यांपासून लांब, एक १०×५० ची बायनॉक्युलर घेऊन गेलो. मे महिन्याच्या सुरुवातीला वेस्टा हा लघुग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणार होता, म्हणजे रात्रभर आकाशात आणि नेहमीपेक्षा तेजस्वी. तूळ राशीत आहे हे माहीत होतं. अमावस्येच्या आदली रात्र, काळाकुट्ट अंधार. बायनॉक्युलर लावली आणि पाहतो तर काय, ठिपकेच ठिपके! त्यातला वेस्टा कुठला? सगळे सारखेच. लघुग्रहाला ना चकती दिसते, ना शेपूट, ना त्याचा रंग वेगळा. शेवटी वहीत जमतील तेवढे ठिपके काढले आणि परत आलो. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो, पुन्हा ठिपके काढले. घरी येऊन दोन्ही पानं शेजारी ठेवली, तेव्हा एक ठिपका सरकलेला दिसला. एकच. बाकी सगळे जिथल्या तिथे. पाच माणूस-रात्री (एक मित्र दुसऱ्या वेळी गाडीत झोपला होता, त्याची रात्र धरलेली नाही), शंभरेक डास, आणि फलित एक सरकलेला ठिपका. पण काय आनंद झाला म्हणून सांगू!

लघुग्रहाची ओळख एवढीच. तो जागा सोडतो. आणि त्याने जागा सोडली हे कळायला बाकीच्यांच्या जागा आधी माहीत असाव्या लागतात. म्हणूनच पहिला लघुग्रह सापडला तो ग्रह शोधणाऱ्याला नव्हे, ताऱ्यांची यादी करणाऱ्याला.

जुझेप्पे पिआझ्झी हा कॅथलिक धर्मगुरू. सिसिली बेटावर पालेर्मो शहरात, राजवाड्याच्या एका बुरुजावर त्याची वेधशाळा होती. त्या काळी युरोपातली सगळ्यात दक्षिणेकडची. वेधशाळेचा सगळा डौल एका यंत्रावर होता: पाच फूट व्यासाचं पितळी वर्तुळ, त्यावर बारीक अंश कोरलेले, आणि त्याला जोडलेली दुर्बीण. हे यंत्र लंडनच्या जेसी रॅम्सडेनने बनवलं. रॅम्सडेन म्हणजे त्या काळचा जगातला सर्वोत्तम कारागीर, आणि डेडलाइन न पाळण्यातही सर्वोत्तम. पिआझ्झीने यावर जो उपाय केला तो आजच्या प्रोजेक्ट मॅनेजरांनी लिहून ठेवावा. तो स्वतः लंडनला जाऊन राहिला आणि १७८९ मध्ये यंत्र पूर्ण होईपर्यंत रॅम्सडेनची पाठ सोडली नाही. (त्याच मुक्कामात हर्शलची मोठी दुर्बीण बघायला गेला असताना शिडीवरून पडून त्याने हात मोडून घेतला, असं सांगतात.)

यादीसाठी पिआझ्झी हे यंत्र आकाशात वाटेल तिकडे वळवत नसे. ते फक्त दक्षिणोत्तर रेषेत, म्हणजे याम्योत्तर वृत्तावर वर-खाली करायचा. तारा फिरत फिरत त्या रेषेवर आला की घड्याळातली वेळ लिहायची आणि वर्तुळावरची उंची वाचायची. झाली ताऱ्याची जागा पक्की. पिआझ्झी पडला काटेकोर माणूस. एकदा मोजून त्याचं समाधान व्हायचं नाही. तोच तारा कमीत कमी चार वेगवेगळ्या रात्री मोजायचा, मगच यादीत घालायचा. आमच्याकडे याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात आणि वेळ नसला की पहिल्यांदा तेच गाळतात.

१ जानेवारी १८०१. रात्री पावणेनऊच्या सुमाराला वृषभ राशीतला एक तारा मोजताना त्याच्या शेजारचा एक अंधुक ठिपकाही त्याने नोंदवला. आठव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. दुसऱ्या रात्री नेहमीप्रमाणे पुन्हा मोजला तर जागा जुळेना. पिआझ्झीला वाटलं, काल आपलंच काहीतरी चुकलं असणार. (बग आपल्याच कोडमध्ये आहे असं आधी मानणारा माणूस! मला इथेच तो आवडला.) तिसऱ्या रात्री पुन्हा फरक, आणि तेवढाच. दर दिवसाला चारेक कला पश्चिमेकडे आणि साडेतीनेक कला उत्तरेकडे. पौर्णिमेचा चंद्र साधारण तीस कलांचा असतो, त्यावरून अंदाज करा. पाच फुटी वर्तुळ नसतं आणि चार रात्रींचा नेम नसता तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

मग ११ जानेवारीच्या आसपास तो ठिपका थबकला आणि उलट, पूर्वेकडे सरकायला लागला. पंचांगाच्या भाषेत सांगायचं तर वक्री होता तो मार्गी झाला. हा खास ग्रहांचा स्वभाव. पृथ्वी आतल्या ट्रॅकवरून पुढे निघून गेली की बाहेरचा गडी आपल्याला मागे जाताना दिसतो, आणि काही काळाने पुन्हा पुढे.

इथे थोडं मागे जायला हवं. त्या काळी एक आकडेमोड फार गाजत होती. ०, ३, ६, १२, २४, ४८ असे दुप्पट होत जाणारे आकडे घ्या, प्रत्येकात ४ मिळवा: ४, ७, १०, १६, २८, ५२, १००. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर १० धरलं तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, मग... २८ ला कुणीच नाही... मग गुरू, शनी. टिटियस नावाच्या जर्मन प्राध्यापकाचं हे गणित बोडेने प्रसिद्धीला आणलं. यामागे काही सिद्धांत नाही, नुसता जुळणारा पॅटर्न. पण १७८१ मध्ये हर्शलला युरेनस सापडला आणि त्याचं अंतर १९२ निघालं. पुढचा आकडा होता १९६! झालं, लोकांची खात्री पटली की २८ वर एक ग्रह नक्की आहे. सप्टेंबर १८०० मध्ये लिलिएन्थाल या जर्मन गावी काही खगोलशास्त्रज्ञ जमले, राशिचक्राचे चोवीस तुकडे केले आणि चोवीस जणांना वाटून दिले. थट्टेने स्वतःला 'आकाशातले पोलीस' म्हणवून घेतलं. त्या यादीत पिआझ्झीचंही नाव होतं. पण निमंत्रणाचं पत्र त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. म्हणजे तिकीट असाइन झालंय, मेल आलेली नाही, आणि याने आपलं परस्पर सोडवूनही टाकलं.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही अशी. २४ जानेवारीला पिआझ्झीने दोन पत्रं लिहिली. एक बर्लिनला बोडेला, एक मिलानला आपला मित्र ओरियानीला. जाहीरपणे त्याने 'धूमकेतू सापडला' एवढंच म्हटलं. ओरियानीला मात्र खाजगीत कळवलं की याची चाल इतकी संथ आणि एकसारखी आहे की हा धूमकेतूपेक्षा काहीतरी बरं प्रकरण असावं असं मला पुनःपुन्हा वाटतंय. बोडेला त्याने संपूर्ण निरीक्षणं पाठवली नाहीत, फक्त दोन दिवसांच्या जागा पाठवल्या. का? उघड आहे. कक्षेचं गणित त्याला स्वतः करायचं होतं. ग्रह आपला, मग गणित दुसऱ्याने का करावं?

मला हे समजतं. रिपॉझिटरीत कोड टाकण्याआधी 'अजून जरा नीट करू' म्हणून आठवडाभर स्वतःच्या मशीनवर दडवून ठेवणारा माणूस मीही आहे. पण चुकलंच त्याचं. कारण आकाश थांबत नाही. युरोपात युद्धाचे दिवस, टपालाचे हाल. बोडेला पत्र मिळालं २० मार्चला, ओरियानीला त्याच्याही नंतर. आणि इकडे पिआझ्झी आजारी पडला. ११ फेब्रुवारीचा वेध शेवटचा. त्या दिवशी ठिपका याम्योत्तरावर आला तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. काही दिवसांत तो संधिप्रकाशातच रेषेवरून जाऊ लागणार, आणि पिआझ्झीचे वेध तर त्या रेषेवरचेच! बाकीच्या युरोपला बातमी कळेपर्यंत ग्रह सूर्याच्या दिशेला जाऊन दिसेनासा झाला. एकेचाळीस दिवस, चोवीस वेध, आणि आकाशात एकूण तीनेक अंशांचा प्रवास. हाताशी एवढंच.

एप्रिलमध्ये पिआझ्झीने शेवटी सगळी निरीक्षणं पाठवली. गोथाच्या फॉन त्साखने ती सप्टेंबरच्या आपल्या मासिकात छापली. या त्साखबद्दल कमी लिहिलं जातं, पण माझ्या मते या गोष्टीतला अर्धा मान त्याचा. कुणीही घ्या, कुणीही गणित करा, म्हणून आकडे जगापुढे ठेवले त्याने. अनेकांनी गणितं केली. कुणी वर्तुळाकार कक्षा धरली, कुणी लंबवर्तुळाकार. त्या त्या जागी दुर्बिणी लावल्या. काही नाही. सूर्याच्या मागून तो बाहेर आला असणार हे माहीत होतं, पण कुठे? नवा ग्रह सापडून हरवला होता. हवामानही वाईट होतं आणि काही लोकांना तर मुळात असा ग्रह होता का, अशी शंका यायला लागली.

हे गणित अवघड का, ते जरा सांगतो. रात्री घाटात समोरून एक दिवा येताना दिसतो. जवळची मोटरसायकल आहे की लांबचा ट्रक (एक दिवा गेलेला)? नुसत्या दिव्यावरून कळत नाही. आकाशातल्या ठिपक्याचंही तसंच. एका वेधातून दिशा कळते, अंतर कळत नाही. दिशेचे आकडे दोन. आणि कक्षा पूर्ण ठरवायला सहा आकडे लागतात: ती किती मोठी, किती चपटी, किती तिरकी, कुठल्या बाजूला कललेली वगैरे. म्हणजे कागदावर तीन वेध पुरेत, तीन दुणे सहा. प्रत्यक्षात मात्र ती समीकरणं सरळ सुटत नाहीत. त्याआधी लोकांनी यातून पळवाट काढली होती. युरेनसची कक्षा जवळपास वर्तुळ, शिवाय तो संथ, त्यामुळे वर्तुळ धरून भागलं. धूमकेतूंची कक्षा पॅराबोला धरली की एक आकडा कमी होतो, ऑल्बर्सने १७९७ मध्ये त्याची सोपी रीतही दिली होती. पण हा ठिपका वर्तुळातही बसेना आणि पॅराबोलातही. शिवाय काहीही न धरता, फक्त तीन अंशांच्या तुकड्यावरून अख्खी कक्षा काढायची म्हणजे रांगोळीची बोटभर रेघ बघून पूर्ण रांगोळी काढण्यासारखं.

ब्राउनश्वाइगला राहणारा कार्ल फ्रीडरिख गॉस तेव्हा चोवीस वर्षांचा होता. (मी चोवीसाव्या वर्षी काय करत होतो ते विचारू नका. एका विमा कंपनीच्या फॉर्ममधली बटणं सरळ रेषेत आणत होतो.) त्याच वर्षी त्याचा अंकशास्त्रावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. खगोलशास्त्र हा काही त्याचा धंदा नव्हता. त्साखच्या मासिकातले आकडे त्याने पाहिले आणि पळवाट न काढता गणित सोडवायला घेतलं.

त्याची युक्ती माझ्या कुवतीप्रमाणे सांगतो. एकेचाळीस दिवसांच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन वेध घेतले. ग्रहाच्या तीनही जागा आणि सूर्य एकाच प्रतलात असणार, हे नक्की. आता सूर्य आणि ग्रहाच्या दोन जागा जोडल्या की एक त्रिकोण होतो. केपलरचा नियम सांगतो की ग्रह आणि सूर्य यांना जोडणारी रेषा सारख्या वेळात सारखं क्षेत्रफळ झाडून काढते. पण ते क्षेत्रफळ त्रिकोणाचं नव्हे, बाहेरची बाजू वाकडी असलेल्या फोडीचं, कलिंगडाच्या फोडीसारखं. काळ छोटा असेल तर फोड आणि त्रिकोण यांत फारसा फरक नसतो. फारसा नसतो, पण असतो. तर आधी दोन्ही जवळपास सारखे समजून मधल्या वेधाचं अंतर काढायचं. त्यावरून कक्षा. त्या कक्षेवरून फोड आणि त्रिकोण यांतला फरक किती ते काढायचं. तो फरक धरून पुन्हा अंतर. पुन्हा कक्षा. आकडे बदलायचे थांबेपर्यंत हे चक्र चालू ठेवायचं. मग आलेली कक्षा बाकीच्या वेधांना लावून बघायची, बसते का. ओळखीचं वाटतंय ना? लूप आहे हो! शेवटी टेस्ट केससुद्धा आहेत. फक्त हे सगळं पिसाच्या लेखणीने, सात आकडी लॉगॅरिदमची पुस्तकं शेजारी ठेवून.

गॉसने काढलेली जागा इतरांच्या अंदाजांपेक्षा सहा-सात अंश पूर्वेला होती. म्हणजे आकाशात पौर्णिमेचे बारा-चौदा चंद्र शेजारी शेजारी मांडले तर जेवढं अंतर होईल तेवढी चूक बाकीचे करत होते, आणि बिचारे चुकीच्या जागी दुर्बिणी लावून थंडीत कुडकुडत होते. त्साखने डिसेंबरमध्ये गॉसच्या जागेभोवती शोध सुरू केला. ७ डिसेंबरला एक संशयित दिसला, पण एका रात्रीच्या दर्शनाने काही सिद्ध होत नाही (आमचा वेल्ह्याचा पहिला शनिवार!), आणि नंतर ढगच ढग. शेवटी ३१ डिसेंबर १८०१ च्या रात्री कन्या राशीत खात्री पटली: ठिपका सरकलाय, आणि तो गॉसने सांगितलं होतं त्यापासून अर्ध्या अंशाच्या आत आहे. त्याच एक-दोन रात्रींत ब्रेमेनला ऑल्बर्सलाही तो मिळाला. पिआझ्झीच्या पहिल्या रात्रीला तेव्हा वर्ष होत होतं.

ग्रहाला नाव पडलं सेरेस, ही सिसिलीची धान्यदेवता. पिआझ्झीने आपल्या राजाचं, फर्डिनांडचं, नावही जोडून पाहिलं होतं, पण इतर देशांनी ते काही चालू दिलं नाही. अंतर निघालं २७.७. गणित म्हणत होतं २८!

पण विजयोत्सव दोन-तीन महिनेच टिकला. मार्च १८०२ मध्ये ऑल्बर्सला त्याच पट्ट्यात दुसरा ग्रह सापडला, पॅलस. मग १८०४ मध्ये जुनो, १८०७ मध्ये वेस्टा. एका रिकाम्या खुर्चीवर चौघे. हर्शलने यांना 'ॲस्टेरॉइड' म्हणजे ताऱ्यासारखे दिसणारे म्हणावं असं १८०२ मध्येच सुचवलं होतं, तेच पुढे रुळलं. गॉसने आपली रीत सुधारून १८०९ मध्ये पुस्तक काढलं. त्यात निरीक्षणांतल्या चुका कशा हाताळायच्या याची 'लघुतम वर्गां'ची पद्धतही होती. लजांद्र नावाच्या फ्रेंच गणितीने ती १८०५ मध्येच छापली होती, आणि गॉस म्हणे 'मी १७९५ पासून वापरतोय'. यावरून दोघांत चांगलीच जुंपली. आज मशीन लर्निंगच्या कोर्सला पहिल्या आठवड्यात जी रेघ मारायला शिकवतात ती हीच.

आपल्याकडची एक नोंद करायलाच हवी. १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉगसनने एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून नावच ठेवलं 'एशिया'. कॅमेरा तोवर या कामाला लागला नव्हता. नकाशा समोर ठेवून, डोळ्यांनी, ठिपका ठिपका पडताळून. १८९१ मध्ये हायडेलबर्गला माक्स वोल्फने आकाशाचा बराच वेळ फोटो घेऊन लघुग्रह शोधला. तारे ठिपके राहतात आणि लघुग्रहाची बारीक रेघ उमटते. मग संख्या भराभर वाढली. आज चौदा लाखांहून जास्त माहीत आहेत. त्यातल्या ३००१२८ क्रमांकाच्या लघुग्रहाला पंडित जसराजांचं नाव आहे. त्यांची जन्मतारीख २८-०१-३० उलटी वाचून पाहा.

मात्र सापडणं म्हणजे हाती लागणं नव्हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये राइनमुथ या जर्मन खगोलशास्त्रज्ञाला हायडेलबर्गला एक लघुग्रह भरधाव जाताना दिसला. पृथ्वीपासून चंद्राच्या दुपटीहून कमी अंतरावरून गेला तो. नाव दिलं हर्मिस. पण वेध मिळाले जेमतेम पाच दिवसांचे. गॉसला एकेचाळीस दिवस तरी होते! पाच दिवसांच्या तुकड्यावरून कक्षा काढली तर ती इतकी ढिली येते की वर्षभराने तो अर्ध्या आकाशात कुठेही असू शकतो. तो जो गेला तो गेलाच. पृथ्वीजवळ येणारा दगड आहे, हे माहीत आहे, आणि तो कुठे आहे ते माहीत नाही, अशी सहासष्ट वर्षं गेली. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनात ब्रायन स्किफला एक ठिपका दिसला, मागे गणित करत गेले तर तो हर्मिस निघाला. रडारने पाहिलं तर तो एक नव्हे, एकमेकांभोवती फिरणारे दोन दगड होते. ॲल्बर्ट नावाचा दुसरा एक १९११ मध्ये व्हिएन्नात सापडला आणि हरवला, तो थेट २००० साली मिळाला.

हे वाचून झाल्यावर मामाच्या प्रश्नाकडे पुन्हा वळलो. २०२४ वायआर ४ सुद्धा सापडला तेव्हा आपल्या जवळून जाऊन दोन दिवस झाले होते, आणि तो दूर दूर, अंधुक होत चालला होता. हाताशी छोटा तुकडा. त्यावरून एक कक्षा मिळत नाही, जवळजवळ सारख्या अशा असंख्य कक्षा मिळतात, आणि आठ वर्षं पुढे जाईपर्यंत त्या पसरून लांबच लांब पट्टा होतो. ३.१ टक्के म्हणजे त्या पट्ट्यातला पृथ्वीने अडवलेला भाग. दगडाचं काहीच ठरायचं नव्हतं, तो आपल्या वाटेने निमूट चालला होता. न ठरलेलं होतं ते आपलं माहीत असणं.

मग मामाला फोन लावला. म्हटलं, "मामा, तुझा चष्मा हरवतो ना?"

"रोज."

"घरात पाच जागा आहेत समज. हॉल, दोन बेडरूम, किचन, बाल्कनी. किचनमध्ये असण्याची शक्यता किती?"

"पाचात एक. वीस टक्के."

"हॉल बघितला, नाही. एक बेडरूम बघितली, नाही. आता किचनची?"

"तीनात एक... तेहतीस." जरा थांबला. "अरे, वाढली की! चष्मा तर तिथेच आहे."

"बाल्कनी पण बघितली, नाही. आता?"

"पन्नास. आणि दुसऱ्या बेडरूममध्ये मिळाला की किचनची शून्य." बराच वेळ शांतता. "म्हणजे ते लोक एकेक खोली बघत होते."

"हो. आणि पृथ्वी किचनमध्ये होती."

पलीकडे मामीचा आवाज आला, कोण आहे म्हणून. मामाने तिला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मग मला म्हणाला, "तो परत कधी दिसणार?"

"डिसेंबर २०२८ मध्ये पुन्हा आपल्या बाजूने जाणारे."

"तेव्हा पुन्हा मोजतील ना?"

"मोजतील."

"मला आधी सांग," मामा म्हणाला, "आणि त्या वेल्ह्याला जाताना मलाही ने. तुमच्या त्या मित्राच्या जागी. मी झोपत नाही."